फ्री नोट्सचं बिल नेमकं कोण भरतं?

"सर, पीडीएफ आहे का? फ्रीमध्ये?" हा मेसेज तुम्हीही कधीतरी कुणाला पाठवला असेल. मला तो रोज येतो. मी गंगाखेडमधून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सची एक छोटी वेबसाइट चालवतो. आमच्याकडची ज्यांना परवडतं ती पोरं परभणी, नांदेड करत शेवटी पुण्याच्या सदाशिव पेठेत जातात. जी गावातच राहतात त्यांच्या हातात मोबाइल आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो. त्यांच्यासाठी फ्री नोट्स म्हणजेच क्लास.

परवा डोमेन रिन्यूअलचा मेल आला आणि पुन्हा तोच प्रश्न पडला: साइट ठेवायची की बंद करायची? म्हणून सगळा हिशेबच मांडला.

सर्व्हरचा खर्च वाटतो तेवढा नाही

डॉट इन डोमेन पहिल्या वर्षी ऑफरमध्ये स्वस्त मिळतं. दुसऱ्या वर्षी पूर्ण किंमत आणि वर १८ टक्के जीएसटी. तरी साधारण हजाराच्या आसपास भागतं. होस्टिंग तर फुकटही मिळतं. डेटाबेस नसलेली साधी पानं असतील तर गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ती मोफत ठेवता येतात.

गिटहब पेजेसची महिन्याची मर्यादा साधारण १०० जीबी आहे. ५ एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ २०,००० वेळा डाउनलोड झाली की ती संपली. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ५० केबीच्या पानावर टाकला, तर तेवढ्यात २० लाख वेळा उघडेल. तुमचाही डेटा वाचतो आणि मजकूर सर्चमध्ये सापडतो. पीडीएफला मी "नाही" म्हणतो ते यामुळे, कंजूषपणा म्हणून नाही.

मग पैसा जातो कुठे? नोट्स बरोबर ठेवण्यात.

एमपीएससीचंच बघा. राज्यसेवा मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठऐवजी वर्णनात्मक होणार, असं आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. मुख्य परीक्षेचे ८०० गुण होते, ते नव्या पद्धतीत १७५० झाले. म्हणजे चार पर्यायांतून उत्तर निवडण्यासाठी काढलेल्या नोट्स उत्तर लिहायला पुरत नाहीत. त्या नव्याने लिहायला कित्येक महिने लागतात. जुनी पानं मात्र इंटरनेटवर तशीच पडून असतात, आणि ती वाचून कुणीतरी चुकीची तयारी करत असतो. फ्रीचा सगळ्यात महागडा भाग हाच आहे, आणि तो साइटवाल्याच्या खिशातून जात नाही. तो वाचणाऱ्याच्या एका वर्षातून जातो.

अ‍ॅडसेन्सने भागतं का?

२०१८ पासून गुगल अ‍ॅडसेन्स मराठी साइट्सना चालतं. १० डॉलर जमले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. पैसे हातात पडतात ते १०० डॉलर झाल्यावरच. हिशेबापुरतं धरा, की हजार वेळा पान पाहिलं गेलं की अर्धा डॉलर. मग १०० डॉलरसाठी पानं दोन लाख वेळा उघडली गेली पाहिजेत. तालुक्याच्या गावातून चालणाऱ्या साइटला एवढं व्हायला बराच काळ लागतो.

त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गुगलचे एआय ओव्हरव्ह्यूज आले. सुरुवात इंग्रजी आणि हिंदीपासून झाली. उत्तर सर्चच्या पानावरच मिळालं तर मूळ साइट कोण उघडणार? पान उघडलं नाही की जाहिरात नाही, आणि जाहिरात नाही की पैसे नाहीत.

मग दुसरे लोक गाठतात. मलाही एका अ‍ॅड नेटवर्कचा मेल आला होता: रेट जास्त, पण जाहिराती रमी आणि बेटिंगच्या. खोटं कशाला बोलू, दोन दिवस विचार केला. नोकरीची वाट बघणाऱ्या पोरांसमोर झटपट पैशाचं बटण ठेवायचं? नाही म्हणालो. आता तर कायदाच आलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेम्सच्या जाहिरातींवरही बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "जाहिरात नेटवर्कने लावली, मला माहीत नव्हतं" या भरवशावर राहू नका.

टेलिग्रामवर टाकलं तर काय बिघडतं?

स्वतः लिहिलेलं टाका, काही बिघडत नाही. दुसऱ्याच्या क्लासची पीडीएफ टाकणं वेगळं. नीतू सिंग यांच्या कोचिंगचं साहित्य टेलिग्राम चॅनलवर फिरत होतं. त्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, आयपी आणि ईमेल देण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. माहितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्यावर असतो. पुस्तक वाचा, बंद करा, मग आपल्या शब्दांत लिहा. नोट्स काढायची खरी पद्धतही तीच आहे.

मग मी काय ठरवलं?

साइट ठेवतोय. प्रत्येक पानावर वर "शेवटचा बदल" अशी तारीख आणि खाली यूपीआयचा क्यूआर. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर घेतला जात नाही, त्यामुळे तुमचे १० रुपये माझ्याकडे १० रुपयेच येतात. कुणी क्यूआर लावणार असाल तर मोबाइल नंबर दिसणार नाही असा वेगळा यूपीआय आयडी बनवा. आलेला पैसा आणि झालेला खर्च दर महिन्याला साइटवर लिहा. कशासाठी मागतोय हे दिसलं तर लोक देतात.

तुमच्याकडे १० रुपये नसतील तरी चालेल. पान जुनं झालेलं दिसलं तर मला कळवा, आणि मित्राला स्क्रीनशॉटऐवजी लिंक पाठवा. स्क्रीनशॉटमधली चूक मला दुरुस्त करता येत नाही. लिंक उघडली तर त्याला आजचं पान मिळेल.