उसातली मावशी

ऊसतोड सुरू झाली की दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात एक आरोळी उठते, "फडात वाघाची पिल्लं सापडली!" तोडकरी कोयते टाकून बांधावर येतात, कुणी काठी शोधतो, बायामाणसं मुलांना मागे ओढतात. जवळ जाऊन पाहावे तर पाचटात मुठीएवढी दोन-तीन पिल्ले एकमेकांना बिलगून पडलेली. कधीकधी ती खरोखरच बिबट्याची असतात. पण आपल्या करवीर, कागल, शिरोळकडे पुष्कळदा ती असतात वाघाच्या मावशीची, म्हणजे रानमांजराची.

ही मावशी दिसायला साधीच. अंग पिवळट करडे, त्यावर ठिपके नाहीत. पायांवर फिकट पट्टे, शेपूट आखूड, तिच्यावर दोन-तीन काळी कडी आणि टोकही काळे. कानांच्या टोकांना काळ्या केसांची इवलीशी शेंडी. अमेरिकेतल्या बॉबकॅट नावाच्या रानटी मांजरालाही अशीच शेंडी असते, पण त्याची शेपूट नुसती बोटूक! आपले रानमांजर घरच्या बोक्यापेक्षा उंच असते. अंगाची लांबी दोन फुटांच्या आसपास, वजन ४ ते ८ किलो.

नावात रान असले तरी दाट जंगल तिला फारसे आवडत नाही. नदीकाठचे गवत, लव्हाळे आणि उभे पीक ही तिची आवडती जागा. मग पंचगंगेकाठच्या उसाहून चांगले घर कोणते? वर्षभर सावली, जवळ पाणी आणि सरीसरीत उंदीर.

उंदीर हेच तिचे मुख्य अन्न. ती बेडूक, सरडे, पाखरे, प्रसंगी सापही खाते. पण राजस्थानात सरिस्का येथे अभ्यासकांनी तिची विष्ठा तपासली, तेव्हा एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीर खात असावे असा अंदाज निघाला. आता पाटी घ्या आणि गुणाकार करा. वर्षाचे हजाराच्या वर उंदीर झाले की नाही? तेही फुकटात, औषधाचा एक दाणा न टाकता. कधी कोंबडी नेते हे खरे, त्याबद्दल आजीची तिच्यावरची तक्रारही खरी. पण खुराड्याचे दार रात्री लावायचे काम आपले आहे.

शिकार करताना ती आधी कानांनी पाहते म्हणा ना! पाचटाखाली उंदीर खसपसला की कान त्या दिशेला वळतात, अंग जमिनीला चिकटते आणि मग एकच झेप.

मादीला दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने पिल्ले होतात, बहुधा तीन. जन्मतः डोळे मिटलेले असतात, ते दहा-बारा दिवसांनी उघडतात. पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात. मोठेपणी ते जातात, पण त्या पट्ट्यांमुळेच लोक फसतात.

पिल्ले दिसली तर घरी आणू नका. गाईचे दूध तर मुळीच पाजू नका, त्याने त्यांना हगवण लागते. आई पळून गेलेली नसते, माणसांची वर्दळ थांबायची वाट पाहत जवळच दबा धरून असते. पिल्ले बिबट्याची असली तर तीही तशीच असते, म्हणून वडीलधाऱ्यांना सांगून लगेच लांब व्हावे आणि वनखात्याला कळवावे. रानमांजर पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि आबांना एक विचारा, फड पेटवून तोडायलाच हवा का? मोठी मांजरे जाळातून निसटतात, मिटल्या डोळ्यांची पिल्ले कुठे जाणार?

गेल्या हंगामात आमच्या शिवारात अशीच तीन पिल्ले निघाली. वनरक्षकाने ती एका क्रेटमध्ये ठेवून क्रेट त्याच जागी ठेवला आणि सगळ्यांना घरी पाठवले. सकाळी पाहिले तर आत एकच पिल्लू कुईकुई करत होते. मुले हिरमुसली. वनरक्षक म्हणाला, "आणखी एक रात्र थांबा." दुसऱ्या दिवशी क्रेट रिकामा होता, आणि ओल्या सरीतून बाभळीच्या बेटाकडे गेलेली पावले स्पष्ट उमटली होती.