सेवांच्या याद्या कोणासाठी?

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कारभाराची १७ बाबींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे बंधन त्याच्या चौथ्या कलमाने घातले. पुढे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत, ती देणारा अधिकारी आणि अपील ऐकणारा अधिकारी यांची नावनिशी जाहीर करणे कार्यालयांना भाग पडले. या कायद्यांचा हेतू निःसंशय चांगला आहे. त्यांच्या पोटी जन्मलेल्या याद्या मात्र बहुधा कार्यालयाच्या सोयीने लिहिल्या जातात. ज्याला सेवा हवी, त्याच्या गरजेचा विचार शेवटी होतो.

किनवटसारख्या तालुक्यात हा दोष केवळ भाषेचा राहत नाही. पैनगंगेकाठचा हा जंगलपट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात आला. नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा समाजांची येथे वस्ती असून अनेकांच्या घरची बोली मराठी नाही. अशा माणसाला ‘विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा’ या वाक्यातून काय कळावे? नमुना कोणता, कागद कोणते, अधिकारी कोण, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. वाक्य आखूड आहे, पण सुबोध नाही. आणि या दुर्बोधतेची किंमत बुडालेल्या मजुरीत आणि एसटीच्या भाड्यात मोजावी लागते.

वनहक्काचेच उदाहरण घ्यावे. २००६ च्या कायद्याप्रमाणे दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. उपविभागीय समितीचा टप्पा नंतरचा. यादीत केवळ त्या समितीचा उल्लेख असेल, तर दावेदार गावातले दार सोडून तालुक्याला खेटे घालीत राहील. त्याऐवजी चार ओळी पुरेशा आहेत: ‘दावा प्रथम आपल्या गावच्या वनहक्क समितीकडे द्यावा. अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा जमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा हवा. इतर पारंपरिक वननिवासींनी ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे. एकाहून अधिक पुरावे लागतात. गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागावी.’ एवढे कळले की माणूस कामाला लागतो.

संक्षेप केला तर अटी गळतील आणि तंटे उभे राहतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु संक्षेपाने कायद्याची जागा घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. संपूर्ण नियम मागेल त्याला पाहता यावेत, हे गृहीतच आहे. काय ठेवावे आणि काय गाळावे, याची कसोटीही सोपी आहे. ज्या अटीमुळे माणसाला हात हलवीत परतावे लागते ती अट आधी यावी. कार्यालयाची रचना, शासननिर्णयांचे क्रमांक आणि योजनेची प्रस्तावना मागे राहिली तरी कोणाचे अडत नाही. तसेच यादी केव्हा तपासली, ती तारीख खाली असावी. शिळी माहिती ही नसलेल्या माहितीहून अधिक फसवी असते. जुना फलक जसाच्या तसा संगणकाच्या पडद्यावर उमटविल्याने यातले काहीच सुधारत नाही.

माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार करावा, असे २००५ चा कायदाच सांगतो. तेव्हा सोपे लिहिणे हा काही उपकार नव्हे. यादी भिंतीवर लावण्यापूर्वी ती बाजाराला आलेल्या एखाद्या शेतमजुराला वाचून दाखवावी आणि उद्या कोठे, काय घेऊन जायचे, हे त्यालाच विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर यादी पुन्हा लिहावी. वाचता येणाऱ्याने न वाचणाऱ्याला गोंडीत, कोलामीत किंवा गोरमाटीत सांगावी, इतकी ती सरळ असली, तरच त्या भिंतीचा उपयोग झाला.