तळीराम हसवतो तेव्हा
राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर रडवतो, पण दारूची खरी धास्ती मला हसवणाऱ्या तळीरामामुळे वाटते. दुखावलेल्या वकील सुधाकराच्या हाती पहिला पेला देणारा हाच त्याचा कारकून. किती मायेनं देतो! मग त्याचं ते आर्य मदिरा मंडळ: सभा काय, भाषणं काय, आणि एकाचीही जीभ ठिकाणावर नाही. प्रेक्षागृह पोट धरून हसतं. इकडे घरात सुधाकराची बायको सिंधू जातं ओढत असते. १९१९ साली बालगंधर्वांनी ती उभी केली, पण नाटक रंगभूमीवर यायच्या आधीच गडकरी गेले होते. व्यसन घरात शिरतं ते अशाच गमत्या, जीव लावणाऱ्या दोस्ताच्या खांद्यावर हात टाकून, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. म्हणूनच तळीरामाचे प्रवेश कापून केलेले प्रयोग मला अर्धेच वाटतात.