संपणारा खेळ

आमच्या विंगमध्ये आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. रात्री जेवणं झाली की कुणीतरी ज्युनियर दारात येऊन उभा राहतो. "आहेस का रे?" असं मला विचारतो खरं, पण नजर माझ्याकडे नसतेच. ती कॉटवर पडलेल्या त्या काळ्या यंत्राकडे असते. इन-सेम कशी गेली, मेसचं बिल किती आलं, असं इकडचं तिकडचं झालं की मग मूळ प्रश्न येतो. "मी पण एक हँडहेल्ड घ्यायचं म्हणतोय. कुठलं घेऊ?"

मी उलट विचारतो, "खेळणार काय?"

"म्हणजे... सगळंच!"

इथेच घोळ आहे, मित्रांनो. यंत्र कुठलं घ्यावं यावर आपल्याकडे टपरीवर तीन-तीन कटिंग होईपर्यंत चर्चा होते. रॅम किती, स्क्रीन किती हर्ट्झची, चिप कुठली... पण त्यावर खेळायचं काय, हे ठरवायला कुणाकडे दोन मिनिटं नसतात. माझ्याकडेही नव्हती. त्यात माझे थोडे पैसे गेले आणि एक ओरल गेली. ते पुढे येईलच.

आधी आमच्या सरांसाठी आणि रेक्टर सरांसाठी थोडक्यात सांगतो. (सर, वाचताय ना?) तुमच्या मुलांकडे टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम असायचा, तो हा नव्हे. हा अख्खा पीसी आहे, फक्त स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना कंट्रोलरची बटणं लावलेला. अशी यंत्रं आधीही होती, पण व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि ही लाट सुरू झाली. एएमडीची चिप, १६ जीबी रॅम, ७ इंची स्क्रीन, वजन ६७० ग्रॅमच्या आसपास. आत आर्च लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं ओएलईडी स्क्रीनवालं मॉडेल आलं. असूसचा आरओजी अ‍ॅलाय भारतात जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला, तो विंडोजवर चालतो. लेनोवोचा लीजन गो एस २०२५ च्या मे महिन्यापासून स्टीमओएस घालूनही मिळू लागला. खिशात यातलं काहीही मावत नाही, सॅक लागते.

माझा डेक सेकंड हँड. २०२४ च्या उन्हाळ्यात इंटर्नशिपचा स्टायपेंड हातात आला, आणि पास आउट होणारा एक सीनियर नेमका त्याच वेळी आपला ६४ जीबीचा डेक विकत होता. तेव्हा भारतात डेकची अधिकृत विक्री नव्हती, त्यामुळे वॉरंटी वगैरे विषयच नव्हता. २७ हजार मोजले. घरी सांगितलं, "छोटा कॉम्प्युटर घेतलाय, प्रोजेक्टला लागतो." बाबा म्हणाले, "बरं केलंस." ते "बरं केलंस" मला अजून टोचतं.

त्याच महिन्यात स्टीमचा समर सेल लागला. मी काय घ्यावं? रेड डेड रिडेम्प्शन २, बाल्डर्स गेट ३ आणि एल्डन रिंग! तिन्ही थोर गेम आहेत, वादच नाही. पण एकटा बाल्डर्स गेट १५० जीबी जागा मागतो आणि माझ्याकडे ६४. मग मोठं मेमरी कार्ड घ्या. मग हॉस्टेलच्या नेटवर दोन रात्री डाउनलोड लावून ठेवा. रेड डेडची सुरुवात बर्फात होते. मी त्या बर्फात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत अडकून होतो. अर्धा तास खेळायचो, तेवढ्यात मेसची वेळ व्हायची. मग चार दिवस प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन. परत हातात घेतलं की कुठलं बटण कशाचं आणि मी कुणाला भेटायला निघालो होतो, काही आठवायचं नाही. डेकमध्ये झोपवायची सोय फार छान आहे, पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो आणि परत दाबलं की काही सेकंदांत तिथूनच सुरू. यंत्राच्या रॅममध्ये सगळं जसंच्या तसं राहतं. माझ्या रॅममध्ये राहत नाही, त्याला काय करणार!

मग मला शहाणपण सुचलं. मोठे गेम आपल्याला झेपत नाहीत ना, मग छोटे घेऊ. घेतला बालाट्रो. २०२४ चा गेम, मुळात एकाच माणसाने केलेला, पत्त्यांचा. साइज फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपएवढी. एक डाव अर्ध्या-पाऊण तासात होतो. म्हटलं, वा! हॉस्टेलसाठीच जन्मलाय.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओरलच्या आदल्या रात्री साडेदहाला एक डाव लावला. डोकं फ्रेश करायला. संपला तेव्हा थोडक्यात हरलो होतो, म्हणून अजून एक. मग तो जिंकलो, म्हणून अजून एक. पार्टनर नोट्स छातीवर ठेवून झोपून गेला. मी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेचार वाजले होते. सकाळी एक्स्टर्नल सरांनी अगदी प्रेमाने विचारलं, "सिस्टीम कॉल म्हणजे काय?" आता गंमत बघा. डेकवर विंडोजचे गेम चालतात ते प्रोटॉनमुळे. प्रोटॉन वाइनवर उभा आहे, आणि वाइन म्हणजे गेमने विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलून देणारा दुभाषा. प्रोग्रॅम सिस्टीमकडे मागतो कसा, हेच सगळं रात्रभर माझ्या दोन हातांच्या मधे चालू होतं. आणि मी सरांसमोर "सर... म्हणजे सिस्टीमला आपण जेव्हा कॉल करतो..." एवढं बोलून थांबलो. २५ पैकी ९. पासिंग १० ला. पार्टनरला १८ मिळाले, आणि तो एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझं एक मत आहे, आणि ते मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. सेमिस्टर चालू असताना हॉस्टेलवर संपणारा खेळ घ्यावा. लहान नव्हे, संपणारा. यात फरक आहे. बालाट्रो, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स, स्टारड्यू व्हॅली हे सगळे साइजने लहान, स्वस्त, बॅटरीला हलके. पण ते संपत नाहीत, संपू नयेत अशीच त्यांची रचना आहे. स्टारड्यू व्हॅलीत शेती करायची, किती निरागस! पण त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा आणि गेम सेव्ह होतो तो आपला माणूस रात्री अंथरुणात शिरल्यावरच. त्यामुळे मधेच उठवत नाही. आणि दिवस संपला की सकाळी पीक आलेलं असतं, ते काढायला नको का? गेम वाईट म्हणत नाही मी. एका पोराने चार-साडेचार वर्षं एकट्याने खपून केलेला तो गेम आहे, मानलं पाहिजे. पण तो दिवाळीच्या सुट्टीत. पीएलमध्ये नव्हे.

संपणारे म्हणजे कुठले? पोर्टल घ्या. २००७ चा आहे, तीन-चार तासांत पूर्ण होतो, आणि आजही त्याच्याइतकं डोकं चालवायला लावणारं थोडंच सापडेल. अ शॉर्ट हाइक हा २०१९ चा गेम, एक पक्षी डोंगर चढतो, दोन तासांत शिखर. व्हेन्बा २०२३ चा. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आणि आईची पाककृतींची जीर्ण वही, अर्धी अक्षरं पुसलेली. ती जुळवत जुळवत स्वयंपाक करायचा. सुरुवात इडलीपासून! मुलगा मोठा होत जातो तसा घरच्या भाषेपासून, डब्यापासून लांब जातो. दीड-दोन तासांचा खेळ. संपल्यावर मी खाली जाऊन आईला फोन केला होता, रात्री सव्वाअकरा वाजता. ती घाबरलीच, म्हणाली, "पैसे संपले का?"

आणि राजी. हा आपल्या पुण्यात झालेला गेम आहे, नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढते. मागे राजस्थानी धाटणीचे किल्ले, गोष्ट सांगायला कळसूत्री सावल्यांचा खेळ. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी २०२० मध्ये गेम पूर्ण करून बाहेर काढला. मारामारी जरा कच्ची आहे, हे कबूल. शेवटही घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. पण पाच-सहा तासांत संपतो, आणि आपल्यासारख्याच कुणीतरी इथे बसून हे केलंय ही भावना काही औरच. म्हणूनच हार्ड डिस्कवरून फिरणारी क्रॅक कॉपी घेऊ नका असं मी सांगतो. विंगमध्ये माझी यावरून टिंगल होते, होऊ दे. सेलमध्ये हे गेम एका पिझ्झ्याच्या किमतीत मिळतात. शिवाय विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर स्टीम पैसे परत देतं. क्रॅकवाला देतो का?

आता तुमच्यातले निम्मे जण विचारणार, "व्हॅलोरंट चालतो का?" स्टीमओएसवर नाही चालत. त्याचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या थेट कर्नलमध्ये बसतं, लिनक्सवर त्याला जागाच नाही. पबजीचंही तेच. जीटीए ५ ची गोष्ट खेळता येते, पण त्याचं ऑनलाइन डेकवर सप्टेंबर २०२४ पासून बंद झालंय. तुमचा खेळ हाच असेल तर विंडोजवालं यंत्र बघा, किंवा खरं सांगू? आहे तो लॅपटॉपच बरा. बाकी कुठलाही गेम घ्यायच्या आधी स्टीमवर तो डेकसाठी 'व्हेरिफाइड' आहे का ते बघा आणि प्रोटॉनडीबीवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. कधी कधी 'व्हेरिफाइड' गेममध्येही अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

घेतल्यावर पहिल्या दिवशीच्या कटकटीही सांगून ठेवतो. हॉस्टेलच्या वायफायचं लॉगिन पान गेमिंग मोडमध्ये उघडेलच असं नाही. डेस्कटॉप मोडमध्ये जा, ब्राउझर टाका, तिथून लॉगिन करा. चार्जर ४५ वॅटचा आणि पीडीवाला लागतो, फोनबरोबर आलेला 'सुपर-डुपर फास्ट' चार्जर इथे बऱ्याचदा मान टाकतो. विंगमध्ये कुणाच्या पीसीवर तोच गेम आधीपासून असेल तर तो स्टीममधूनच लॅनवरून ओढून घेता येतो, २०२३ पासून ही सोय आहे. दोन रात्री वाया घालवल्यावर मला हे कळलं! गावी नेणार असाल तर निघायच्या आधी प्रत्येक गेम एकदा नेटवर चालू करून बघा, नाहीतर एसटीत बसल्यावर तो लॉगिन मागत बसतो.

बॅटरीचं गणित तर आपलंच आहे. माझ्या डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची. मोठा गेम सगळं मिळून २०-२२ वॅट खातो, म्हणजे दोन तासांच्या आत खेळ खल्लास. व्हेन्बासारखा गेम आठेक वॅटवर चालतो, पाच तास निघतात. मधला मार्ग म्हणजे तीन टिंबांचं बटण दाबून फ्रेम ४० वर बांधायच्या. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३ ची, आणि ४० ला २५ ची. बरोब्बर मधोमध! डोळ्याला ३० पेक्षा खूपच बरं वाटतं आणि पंखाही कमी किंचाळतो. पार्टनर झोपलेला असताना हे महत्त्वाचं.

राहिला खर्चाचा प्रश्न. लॅपटॉप नसेल तर हे घेऊ नका. त्याला की-बोर्ड, मॉनिटर जोडून सी चा कोड लिहिता येतो, मी लिहिलाय, पण चार महिन्यांत दोनदा. "प्रोजेक्टला लागतो" हे घरी सांगायचं वाक्य आहे. फी कर्जातून भरत असाल तर माझंच यंत्र आठवडाभर घेऊन जा, फुकट. मोह तिथेच फिटतो बऱ्याच जणांचा.

माझ्या डेकचा सगळ्यात चांगला उपयोग खरं तर माझ्या कॉटवर झालाच नाही. मागच्या सेमला एका रविवारी लाईट आल्यावर सगळे कॉमन रूममध्ये पडीक होतो. मी एका हबने डेक टीव्हीला जोडला, दोघांकडून कंट्रोलर मागून आणले आणि ओव्हरकुक्ड २ लावला. चौघांनी मिळून हॉटेल चालवायचं, एकाने कांदा चिरायचा, एकाने ताटं धुवायची. दहा मिनिटांत असा राडा झाला की रेक्टर सर वर आले. पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि जाता जाता म्हणाले, "अरे तो भात करपतोय तिकडे!" पार्टनर माझ्याशी त्या दिवशी धड बोलला, ओरलनंतर पहिल्यांदा. ताटं तोच धूत होता.

केटी अजून बाकी आहे. ओरल परत पुढच्या महिन्यात, त्यामुळे डेक सध्या पार्टनरच्या कपाटात आणि किल्ली त्याच्याकडे. रविवारी जेवणानंतर दोन तास तो बाहेर निघतो. ज्यांना घ्यायच्या आधी हाताळून बघायचंय त्यांनी तेव्हा या. चार्जर आपापला आणा, ४५ वॅटचा.