आडनाव कुणाचं, रक्त कुणाचं

परवा रात्री बंगळूरहून भाच्याचा फोन आला. माझ्या माहेरच्या घराण्याची वंशावळ तो गेली दोन वर्षं जमवतो आहे. जुन्या वह्या, सातबाराचे उतारे, लग्नपत्रिका, काय काय गोळा केलंय पठ्ठ्याने! ह्या वेळी स्वारी फारच खुशीत होती. नळीत थुंकी भरून कंपनीला पाठवली की काही आठवड्यांत आपलं मूळ कुठलं ते कळतं म्हणे. मी म्हटलं, "मग मलाही एक नळी पाठव की. त्या घरातली सगळ्यात जुनी आता मीच उरले आहे." तर तो हसून म्हणाला, "आत्या, तुझा ह्यात उपयोग नाही गं. आडनावाचा धागा बायकांमध्ये नसतोच."

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. छत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर कुणी 'उपयोग नाही' म्हटलं की जरा लागतंच. असो.

शास्त्र म्हणून तो चुकीचं बोलला नव्हता. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं. आपल्याकडे आडनावही तसंच जातं, बापाकडून मुलाकडे. म्हणून एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र ताडून पाहायचं, ही त्यातली युक्ती. विलायतेत हे खूप झालंय. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स ह्यांनी 2000 साली आपल्याच आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या 48 पुरुषांची तपासणी केली. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी लोकांचा धागा एकच निघाला. मग पुढे त्यांनी स्कॉटलंडच्या मॅकडोनल्ड मंडळींकडे मोर्चा वळवला. ह्या घराण्याचा मूळ पुरुष सोमरलेड, 1164 साली वारलेला. परंपरा त्याला आयर्लंडच्या जुन्या राजांच्या वंशात बसवते. पण त्याच्या वंशजांमधला धागा निघाला नॉर्वेकडचा, म्हणजे ज्या समुद्री लुटारूंना हाकलल्याबद्दल त्याचे गोडवे गातात, त्यांच्याकडचाच!

आपल्या नागपुरातही एक स्कॉटिश आडनाव रोज हजारो तोंडी असतं. 'हिस्लॉपला ॲडमिशन मिळाली' असं म्हणताना कुणाच्या मनातही येत नाही की हे एका माणसाचं आडनाव आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले. धर्मप्रसाराला आलेले हे पाद्रीबुवा इथले दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या कथा गोळा करत हिंडले आणि 1863 साली बोरीजवळ नदी ओलांडताना बुडून वारले. 1883 साली निघालेल्या कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं. ह्या आडनावाचा अर्थ मी शोधला तर काय, हेझलच्या झुडपांचं खोरं! हेझल म्हणजे एक विलायती कवचाचं फळ. मराठीत आणायचं तर 'बोरखोरेकर' म्हणा ना. म्हणजे आमच्या पिंपळकर, वडगावकर, जांभुळकरांचेच हे भाऊबंद. कुणीतरी कधीतरी एक गाव सोडलं आणि नव्या गावातल्या लोकांनी त्याला जुन्या गावाच्या नावाने हाक मारली, एवढाच त्या आडनावाचा इतिहास. त्यात रक्त कुठे आलं?

आपल्याकडचं ह्याहून बोलकं उदाहरण म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर ही त्यांची आडनावं वाचली तर वाटावं, हे तर अलिबागकडचे आपलेच लोक. आणि होतेच ते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावाने त्यांचं गाव सांगितलं, पण त्यांची पश्चिम आशियाकडची वाट सांगितली नाही. ती 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने सांगितली. पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला जास्त मोलाची वाटते. त्यांच्यात ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आलाय, आणि भारतीय वारसा जास्त करून बायकांकडून. म्हणजे नुसता बापाचा धागा धरून गेलं असतं तर इथल्या सगळ्या आया गळाल्या असत्या! भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

आता थोडं आडनावांच्या कारखान्याबद्दल. हा कारखाना मी स्वतः चालवलाय, म्हणून हक्काने सांगते. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर! जून महिन्यात बाहेर रांग लागलेली, एखादा बाप शेतावरून तसाच आलेला. "आडनाव काय?" विचारलं की तो बावरायचा. गावात त्याला कुणी आडनावाने हाक मारलेलीच नसे. मग तो काहीतरी पुटपुटायचा आणि मला ऐकू येईल ते मी लिहायची. एका घरातल्या थोरल्याचं नाव दुसऱ्या गुरुजींनी घातलेलं, धाकट्याचं मी. एका मात्रेच्या फरकाने दोन सख्खे भाऊ दोन आडनावांचे झाले आणि पुढे नोकरीच्या वेळी त्यांना प्रतिज्ञापत्रं करत हिंडावं लागलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. डॉ. बाबासाहेबांचंही उदाहरण आहेच. घराण्याचं आडनाव सकपाळ, पण शाळेच्या दप्तरात आंबडवे गावावरून दुसरं लागलं आणि त्याचंच पुढे आंबेडकर झालं. शाळेच्या दप्तरातलं ते आडनाव आज जगाला माहीत आहे. त्याला कुठल्या गुणसूत्राचा आधार लागला?

आणि आपल्या भोसल्यांचं काय? महालात वाढलेल्या माणसाला हा इतिहास वेगळा सांगायला नको. 1818 साली इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केलं आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला गादीवर बसवलं. जन्माने तो गुजर. गादीवर बसला तो तिसरा रघुजी भोसला म्हणून. त्याला भोसला मानायला नागपूरने कधी का-कू केलं नाही. 11 डिसेंबर 1853 रोजी तो वारला तेव्हा त्याला औरस मुलगा नव्हता. दत्तकाचं म्हणणं डलहौसीने मानलं नाही आणि 1854 साली राज्य खालसा केलं. पुढे अहेरराव घराण्यातून दत्तक आलेले जानोजी भोसले म्हणूनच ओळखले गेले. त्यांना किताब आणि देऊरची जहागीर मिळाली, राज्य मात्र गेलं ते गेलंच. औरस मुलगा नाही म्हणजे घराणं संपलं, असा हिशोब इथे एकदा लावला गेलाय. तो लावणारा आपल्यातला नव्हता.

हे सगळं मी का उगाळते आहे? कारण भाच्याने वंशावळीचा कच्चा खर्डा पाठवलाय आणि त्यात एक गोष्ट नाही.

माझे आजोबा दत्तक होते. सात वर्षांचे असताना आर्वीकडच्या एका खेड्यातून त्यांना ह्या घरात आणलं. त्यांचं जन्माचं आडनाव वेगळं. खर्ड्यात मात्र पणजोबांपासून आजोबांपर्यंत सरळ रेघ मारलेली आहे. विचारलं तर म्हणाला, "कशाला गं आत्या जुनं उकरायचं?" आता गंमत बघा. त्याच्या नळीतून जो धागा निघेल तो त्या आर्वीकडच्या घराचा निघेल, आमच्या आडनावाचा नाहीच! आणि हिशोबच करायचा तर आजोबांच्या जनुकांचा सरासरी चौथा हिस्सा माझ्यात आहे, आणि त्याच्यात आठवा. उपयोग कुणाचा जास्त?

पण मला हिशोब जिंकायचा नाही. मला आठवते ती आजोबांची सख्खी बहीण. कायद्याने नातं तुटलेलं, पण दर भाऊबीजेला ती दमणीतून यायची. येताना तिळाचे लाडू आणायची. आजोबा एरवी कडक माणूस, पण ती ओवाळायला लागली की त्यांची मान खाली जायची आणि डोळे भरायचे. आम्ही पोरं तिला आत्याआजी म्हणायचो. तिचं नाव ह्या वंशावळीत नाही, कारण ती ह्या घरची नाही. तिच्या माहेरच्या कागदात असायचं कारण नाही, कारण मुलींची नावं कोण लिहीत होतं? आणि तिच्या सासरी ती नुसती 'अमक्याची पत्नी' असणार.

म्हणून भाच्याला मी लिहून कळवलंय. नळी पाठव, जरूर पाठव, मलाही उत्सुकता आहे. जे निघेल ते छाप. पण त्याला घराण्याचं मूळ म्हणू नकोस, सोळा खापरपणजोबा-पणज्यांतल्या एकाचा तो धागा आहे, बस. आजोबांच्या नावापुढे 'दत्तक' असं स्पष्ट लिही आणि त्यांचं जन्मघर लिही. घरातल्या प्रत्येक लेकीचं नाव, तिच्या मुलाबाळांसकट लिही. सुनांची माहेरं लिही. पानं वाढतील, त्याचा खर्च मी देते.

आत्याआजीचं नाव सरस्वती होतं. तेही कळवलंय. दोन दिवस झाले, अजून उत्तर आलेलं नाही. वाट पाहते आहे.