छताला भोक नको, डिझेल इंजिन द्या

डाळिंबाची छाटणी उरकली, ताण सोडून पहिलं पाणी दिलं, म्हणून आज बसायला वेळ मिळाला. गेले चार महिने बागेपेक्षा जास्त वेळ गाडी शोधण्यात गेलाय. डिझेल गाडी. सात माणसं बसतील, मागची सीट पाडली की क्रेट बसतील, आणि आमच्या शिवार रस्त्यावर पोट घासणार नाही अशी. एवढंच मागणं आहे. पण शोरूममध्ये ते बोलून दाखवलं की समोरचा असा बघतो जणू आपण बैलगाडीचं चाक मागितलंय.

आमची सध्याची गाडी 2008 ची सुमो. 15 वर्षं झाल्यावर फिटनेस करून पाच वर्षं वाढवून घेतली. तिच्यात लग्नाची वऱ्हाडं गेली, रोपं आली, ठिबकची बंडलं टपावर बांधून आणली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स फरशीच्या पलीकडे थांबली, कारण फरशीवरून पाणी चाललं होतं. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण त्या गाडीला ते जास्त होतं. सुमोने वडिलांना पलीकडे नेलं. (असं पाण्यात गाडी घालणं शहाणपणाचं नाही, हे मलाही कळतं. त्या रात्री दुसरा इलाज नव्हता.) आता तिच्या चेसिसला गंज लागलाय, चढाला काळा धूर सोडते, आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, आता हिला आराम द्या." सुमो बंद होऊन 2019 पासून जमाना झाला, तेव्हा दुसरी सुमो काही मिळायची नाही.

तर निघालो बाजारात. एका मोठ्या शोरूममधला किस्सा सांगतो, नाव घेत नाही. पोरगा चांगला होता, चहा पाजला, कोणती गाडी पाहिजे विचारलं. म्हणलं, डिझेल, मॅन्युअल, सगळ्यात खालचं मॉडेल.

"सर, खालच्या मॉडेलमध्ये डिझेल येत नाही. डिझेल मधल्या व्हेरियंटपासून सुरू होतं. त्यात सनरूफ मिळतो, मोठी स्क्रीन मिळते."

"अरे दादा, मला छताला भोक नकोय. आमच्याकडे मार्च ते जून नुसती धूळ असते."

"सर, सनरूफ काढून देता येत नाही. तो पॅकेजमध्येच आहे."

म्हणजे इंजिन पाहिजे तर भोक घ्या. युरिया पाहिजे तर सोबत हे लिक्विड घ्या, असं खतदुकानात जे होतं, अगदी तेच. तिथे त्याला आपण लिंकिंग म्हणतो, तक्रार करतो, कृषी अधिकाऱ्याला फोन लावतो. इथे त्याला व्हेरियंट म्हणतात आणि वर पेढ्याचा बॉक्स देतात.

आता कोणी म्हणेल, डिझेलचा जमानाच संपला, पेट्रोल घ्या. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की एकदा वहीत हिशोबच मांडला. आमच्या पंपावर पेट्रोल 104 च्या आसपास, डिझेल 91. मधल्या आकाराच्या गाडीला खऱ्या रस्त्यावर, माणसं भरून, पेट्रोलमध्ये 13 चा ॲव्हरेज धरा, डिझेलमध्ये 17 चा. पेट्रोलला किलोमीटरमागे 8 रुपये पडतात, डिझेलला 5 रुपये 35 पैसे. किलोमीटरला 2 रुपये 65 पैसे वाचले. डिझेल गाडी कर धरून पावणेदोन लाखांनी महाग पडते असं माना. ती रक्कम वसूल व्हायला 66 हजार किलोमीटर चालवावी लागते. माझं रनिंग वर्षाला 25 हजारांच्या आसपास. आठवड्यातून दोनदा नाशिक, हंगामात रोज मालेगाव नाहीतर पिंपळगाव. म्हणजे मला पावणेतीन वर्षांत पैसे फिटतात, आणि मी गाडी पंधरा वर्षं वापरणारा माणूस आहे.

पण हाच हिशोब वर्षाला 8 हजार फिरणाऱ्याला लावा. आठ वर्षं लागतात. तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांना माझं सरळ सांगणं आहे की डिझेल घेऊ नका. राग आला तरी चालेल. आमच्याच शेजारच्या वस्तीवर एकाने रस्त्याच्या भूसंपादनाचे पैसे आल्यावर मोठी डिझेल गाडी घेतली. गाडी जाते कुठं? घर ते मळा तीन किलोमीटर, मळा ते पारावर दोन. वर्षाच्या आत डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीने दम सोडला. झालं काय होतं, तर बीएस 6 च्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी त्यात अडकते, आणि गाडी हायवेला सलग वेगात चालली की तो तापून ती काजळी जाळून टाकतो. पाच मिनिटं चालवून बंद, पुन्हा पाच मिनिटं चालवून बंद, असं केलं की तो तापतच नाही, चोंदून बसतो. मग वर्कशॉपचं बिल येतं आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. कंपनीला द्यायच्या शिव्या वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण ही चूक घेणाऱ्याची होती. त्याला गाडी नको होती, रुबाब पाहिजे होता. आणि अशाच गिऱ्हाइकांमुळे कंपन्यांना कळलं की डिझेल हे रुबाबाच्या पॅकेजमध्येच विकायचं.

आणखी एक, कारण आपल्यात हे सर्रास चालतं. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल नव्या गाडीत ओतू नका. जुना पंप ते पचवायचा. आताच्या कॉमनरेलचा इंजेक्टर फार बारीक कारागिरीचा असतो, ड्रमच्या तळाचं पाणी आणि गंज त्याला चालत नाही. काही गाड्यांना वर ॲडब्लू नावाचं पाणीही लागतं. त्यात युरियाच असतो, पण आपल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून घालायचा नाही. हसू नका, असं करणारे निघतात.

आता सरकारकडे येऊ.

एक काळ होता, 2012 चा, तेव्हा पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तीस रुपयांच्या आसपास फरक होता. डिझेल स्वस्त ठेवायचं कारण काय सांगायचे? शेतकरी. पंप, ट्रॅक्टर, मालवाहतूक. आणि ते स्वस्त डिझेल पिऊन शहरात मोठमोठ्या गाड्या फिरायच्या. त्याच्या दोन वर्षं आधी, 2010 ला, किरीट पारीख समितीने डिझेल कारवर 80 हजारांचा जादा कर लावा असं सुचवलं होतं. त्या वेळी त्यात तथ्य होतं, मी नाकारत नाही. नाव आमचं आणि मजा दुसऱ्याची, हे चाललंच होतं. पण ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले. सवलत गेली. ट्रॅक्टरलाही तेच डिझेल, मोटारीलाही तेच. सवलत गेली तरी डिझेल गाडीवरचा राग मात्र राहिला. महाराष्ट्रात आजही 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स 11 टक्के, डिझेलला 13. दहा ते वीस लाखांत 12 आणि 14. दोन टक्के कशाचे, तर डिझेल असल्याचे.

त्याहून गंमत जीएसटीची. 2023 च्या जुलैत कौन्सिलने मोठ्या गाडीची व्याख्या पक्की केली. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन 1500 सीसीच्या वर, आणि रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची 170 मिलिमीटर किंवा जास्त. हे तिन्ही जुळलं की 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के सेस. आता जरा विचार करा, जमिनीपासून उंची ही चैन! ज्याच्या घरापर्यंत डांबर आहे त्याला असेलही चैन. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे वरंबा असतो. त्या वरंब्यावर बुटकी गाडी कासवासारखी टेकते आणि चारही चाकं हवेत फिरतात. उंची आमची गरज आहे, आणि नेमकी तीच मोजपट्टी लावून आम्हाला श्रीमंत ठरवलं.

22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले, मोठ्या गाडीला एकूण 50 चे 40 झाले. कमी झालं, मान्य. ट्रॅक्टरला 12 चे 5 झाले, त्याचंही स्वागत. पण मधली फट बघा. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के. तिला सनरूफ असो, गार वारा सोडणाऱ्या सीटा असोत, 18 टक्केच. आणि साध्या पत्र्याची, सात माणसं आणि क्रेट वाहणारी 2200 सीसीची डिझेल गाडी? 40 टक्के. करवाल्याने आत डोकावून पाहिलंच नाही की गाडीत एसीची चैन आहे का शेणाचे बूट. टेप लावली, सीसी मोजले, पावती फाडली.

कंपन्याही तशाच. गाडी टेपेत बसवायची, बस्स. बोलेरो पूर्वी चार मीटरपेक्षा थोडी लांब होती, 2016 ला तिला 3995 मिलिमीटरमध्ये बसवलं आणि इंजिन 1493 सीसीचं केलं. चला, निदान ती 18 टक्क्यांत राहिली. बाकीच्यांनी तर मैदानच सोडलं. 1 एप्रिल 2020 ला बीएस 6 लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. रेनोने डस्टरचं डिझेल बंद केलं. फोर्डने 2021 ला इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. होंडाही 2023 ला डिझेलमधून गेली. जे उरलेत, महिंद्रा, टाटा, ह्युंदाई, किया, टोयोटा, फोर्स, त्यांच्याकडे डिझेल आहे, चांगलं आहे. पण साधं, स्वस्त, सात सीटचं डिझेल म्हणलं की बोटावर मोजण्याइतकी नावं उरतात.

धुराचं काय, असं माझा पुण्याचा भाचा विचारतो. बरोबर विचारतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 मध्येच सांगितलंय, आणि धूर आमच्याच पोरांच्या नाकात जातो. पण त्याला मी उलटा प्रश्न केला. बीएस 4 च्या डिझेल कारला किलोमीटरला 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस 6 ला 80. डिझेलमधलं गंधक 50 भागांवरून 10 वर आलं. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षा किती तरी स्वच्छ. मग धूर कमी करायचा तर माझी 2008 ची सुमो रस्त्यावरून जायला पाहिजे का नाही? ती जाण्यासाठी तिच्या जागी येणारी मला परवडायला पाहिजे का नाही? ती तुम्ही महाग केली, वर भोक पाडून विकली. मग काळा धूर सोडत सुमोच चालणार. भाचा गप्प बसला. नंतर म्हणाला, इलेक्ट्रिक घ्या. म्हणलं घेतो, आमच्या फिडरला दिवसा लाइट कधी येते ते आधी महावितरणला विचारून दे.

2023 च्या मे महिन्यात एका सरकारी समितीने दहा लाखांवरच्या शहरांत 2027 पर्यंत डिझेल चारचाकी बंद करा असं सुचवलं. त्याच सप्टेंबरात गडकरी साहेब डिझेलवर आणखी 10 टक्के कर लावायचं बोलले आणि लगेच खुलासा आला की असा प्रस्ताव नाही. शहरात बंद करा, माझी हरकत नाही. शहरात सिटी बस आहे, पुण्या-मुंबईत मेट्रो आहे. पण आम्हाला दुसरं द्या आणि मग बंद करा. सीएनजी बघितली मी. टाकीने डिकी खाल्ली, आणि पंपावर रांगेत जो वेळ जातो त्यात एक फवारणी होते.

नव्याचा नाद मी आता सोडलाय. जुन्या बाजारात दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिकडे हरित लवादाने 2015 ला 10 वर्षांवरच्या डिझेलला बंदी घातली, 2018 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, म्हणून त्या इकडे उतरल्या. आपल्याकडे तसा नियम नाही, पण एनओसी, इथला टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई आटते. ज्याला कागदांमागे धावायला वेळ आहे त्याने बघावी.

उद्या सिन्नरजवळ एक 2021 ची बोलेरो बघायला चाललोय. मालक 62 हजार फिरली म्हणतो. सर्व्हिसची नोंद मागवलीय, आणि मिस्त्री बरोबर आहे. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटचा काठ बघायचा, तो मीटरपेक्षा खरं बोलतो. मालकाला सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून गार असेल तरच पहिला स्टार्टर मारणार. गरम लागलं तर चहा पिऊन माघारी.

कोणाच्या पाहण्यात एका हातची, वापरलेली पण जपलेली डिझेल असेल तर सांगा. रंग कोणताही चालेल.