‘पारंपरिक’ म्हणजे कोणाचं?

हल्ली नेटवर जुन्या लावण्या, गवळणी, वगातली गाणी भरपूर सापडतात. आवाज खरखरता, पण अस्सल. खाली माहिती मात्र एवढीच : ‘तमाशातील जुनी लावणी, पारंपरिक’. झालं! कोणी लिहिली, कोण गायलं, ढोलकीवर कोण होतं, फड कुठल्या गावचा... काही नाही. मला विचाराल तर हा ‘पारंपरिक’ शब्द फार सोयीचा आहे. ज्याचं नाव शोधायचा कंटाळा येतो, त्याच्यावर हा शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं.

गंमत बघा, आपल्या देशात रेकॉर्डिंगचा धंदा सुरू झाला तो नाव सांगूनच. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं घेतलं. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला आवाज कोणाचा ते कळावं, एवढाच हेतू.

आपल्या शाहिरांनी तर ही सोय त्याच्याही आधी करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव घालायचं. वही हरवली तरी नाव गाण्याबरोबर राहणार. पण ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. गण, गवळण, सवाल-जवाब, वग असा रात्रभर चालणारा फड त्यात मावणार कुठून? मग कडवी कमी करायची. आणि शेवटचं कडवं गळलं की कवीही गळाला.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. १९२७ मध्ये राल्फ पीअर अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी यंत्र घेऊन गेला आणि डोंगराळ भागातल्या गायकांना गाण्यामागे ५० डॉलर देऊन त्याने गाणी घेतली. त्यातलं कार्टर कुटुंब पुढे फार गाजलं. ए. पी. कार्टर गावोगाव फिरून जुनी गाणी जमवायचा. पुढे त्याच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा, चाली लक्षात ठेवायचं काम त्याचं. तबकडीवर नाव लागलं कार्टरचं. रिडल राहिला बाजूला. आपली ढोलकीवाली मंडळी आठवली ना?

कोणी म्हणेल, लोकसंगीत सगळ्यांचं असतं, त्यात नावं कशाला? मला हे पटत नाही. जात्यावरच्या ओव्यांइतकं ‘सगळ्यांचं’ दुसरं काय असेल? तरी हेमा राईरकर आणि गी पॉईटविन यांनी १९८० च्या दशकापासून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. वेळ लागला, पण झालं ना!

शिवाय हा नुसता मानाचा प्रश्न नाही. २०१२ च्या कायदा-दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. पण नावच माहीत नसेल तर पैसे द्यायचे कोणाला? ६० वर्षांनंतर ध्वनिमुद्रण सगळ्यांना खुलं होतं हे खरं. खुलं होतं, निनावी होत नाही.

आपल्या नगर जिल्ह्याने (२०२४ पासून अहिल्यानगर) तर हे जास्त मनावर घ्यायला हवं. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या जिने गाजवल्या ती पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची. कांताबाई सातारकर संगमनेरलाच राहिल्या आणि २०२१ मध्ये गेल्या. ही मोठी नावं, म्हणून टिकली. पण त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या झीलकऱ्यांचं, सुरत्यांचं काय?

म्हणून नातेवाईक मंडळींना आणि ब्लॉगवाल्या मित्रांना एकच विनंती. माळ्यावर जत्रेतल्या तमाशाच्या, भजनाच्या, भारुडाच्या कॅसेटी पडल्या असतील. त्या संगणकावर चढवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवा. आवाज कोणाचा, गाव कुठलं, साल कुठलं, विचारा आणि लिहून ठेवा. खरखर काढायला पुढे यंत्रं मिळतील. नाव सांगणारी माणसं मात्र तोवर थांबणार नाहीत.

असो. कोणाकडे काही सापडलं तर जरूर कळवा.